कागद डिकीत होते

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. सुट्टीच्या दिवशी मला घरात बूड टेकवून बसता येत नाही. चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी चपला घालतो, "येतो जरा" म्हणतो आणि निघतो. कुठं ते सांगत नाही. बायकोनं लग्नानंतरची दोन-चार वर्षं विचारलं, मग तिनंही नाद सोडला. आपण काय चोरी करायला जातोय का, मग सांगायचं कशाला, असा माझा खाक्या. हा खाक्या माझ्या मुलीला कसा महागात पडला ते मी लिहून काढतोय. तोंडानं सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते.

मी भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो आणि तिथंच लाइन इन्चार्ज झालो. राहायला संत तुकाराम नगर. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्यांना वीज पुरावी म्हणून कुणीतरी कधीतरी वार वाटून दिले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला, असं जुने लोक सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण गुरुवारी सकाळी एमआयडीसीत एक चक्कर मारा, शेडची शटरं खाली, ट्रक कडेला लावलेले, चहाच्या टपऱ्यासुद्धा बंद. नातेवाइकांची लग्नं रविवारी, आणि मी तिथं पोचणार फर्स्ट शिफ्ट संपवून, पंगती उठल्यावर. तीस वर्षं हेच. माझ्या अंगात गुरुवार असा मुरलाय की रविवारी मला सुट्टी दिली तर मी आजारी पडेन.

याचा एक तोटा मात्र मला तेव्हा कळला नाही. मुलीची शाळा रविवारी बंद, माझी कंपनी गुरुवारी. तिच्या अख्ख्या लहानपणात आम्हा बापलेकीला एका दिवशी सुट्टी अशी मिळालीच नाही. दिवाळीचे चार दिवस सोडले तर मी घरी असायचो तेव्हा ती शाळेत, आणि ती घरी असायची तेव्हा मी मशीनवर. मग तिनं आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड घेतला आणि पास झाल्यावर केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारांच्या योजनेतून चाकणच्या एका कंपनीत लागली. तिथंही सुट्टी गुरुवारीच. त्या पहिल्या गुरुवारी ती पोह्यांची बशी घेऊन माझ्यासमोर बसली. मी "शिफ्टला बस वेळेवर येते का?" असलं काहीतरी विचारलं, आणि पोहे संपल्यावर नेहमीसारखा निघालो.

चाकणला तिला मशीन चालवायला मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. मिळालं काय, तर तपासणीचं टेबल. तयार झालेला पार्ट उचलायचा, मापाच्या गेजमध्ये बसतो का बघायचा, खोक्यात टाकायचा. दिवसभर तेच. तिच्या बरोबरीच्या पोरांना मशीनचं सेटिंग शिकवायचे, ही विचारायला गेली की सुपरवायझर म्हणायचा, मॅडम, तुम्ही कशाला हात काळे करता. एक दिवस ती घरी आली आणि बॅग भिंतीशी आपटून म्हणाली, "पप्पा, ट्रेड शिकले ते काय खोकी भरायला?" मी स्वतः लाइन इन्चार्ज. माझ्या लाइनवरही मुली तपासणीलाच होत्या. मी गप्प बसलो, आणि माझं गप्प बसणं तिला बरोबर समजलं.

त्यानंतर तिनं जपानचं काढलं. दोन देशांच्या सरकारांमधला करार होता. आपली शिकलेली तरुण मुलं तिकडच्या कारखान्यात तीन वर्षं काम करत शिकणार आणि परत येणार. त्यासाठी त्यांची भाषा यायला हवी, परीक्षा पास व्हायला हवी, वय ठरावीक मर्यादेच्या आत हवं. आयटीआयच्या फळ्यावर कागद लागला होता, तो तिनं मोबाईलमध्ये टिपून आणला. सरकारी कागद म्हटला की माझ्या कपाळाला आठी पडते. युवाशक्ती, संधी, देवाणघेवाण, असे गुबगुबीत शब्द त्यात भरलेले. मी म्हणालो, "ही सगळी भाषणं आहेत. सरकार कुणाला विमानात बसवत नसतं." ती म्हणाली, "मी अर्ज भरलाय." विषय संपला. हट्टीपणात ती माझ्यावरच गेलीय, तक्रार कुणाकडं करणार?

खरं सांगायचं तर मी आतून नरमलो होतो. आमच्या कंपनीत मागं एक जपानी इंजिनियर दोन महिने येऊन राहिला होता. पहिल्या दिवशी त्यानं लाइनवर पडलेला लोखंडाचा कीस स्वतः वाकून उचलला. आम्ही हसलो. साहेब झाडू मारतोय राव, असं कुणीतरी म्हणालंही. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या मशीनशी उभं राहून, भाषा येत नसताना नुसत्या हातांनी मला असं एक सेटिंग दाखवलं की माझी वीस वर्षांची खोड मोडली. त्यानंतर मी हसलो नाही. माझी पोरगी असल्या माणसांच्या हाताखाली उभी राहिली तर काय होईल, हा विचार मला शिफ्टमध्येही सोडेना.

संध्याकाळी चिंचवडला भाषेचा वर्ग, तिथून घरी येऊन अभ्यास. आमचं घर जपानी शब्दांच्या चिठ्ठ्यांनी भरून गेलं. फ्रिजवर चिठ्ठी, आरशावर चिठ्ठी, गॅसच्या शेगडीवर लावलेली जळाली म्हणून बायको ओरडली. महिन्याभरात बायकोही फ्रिजला जपानीत हाक मारायला लागली आणि मला हसायला लागली की तुम्हाला येत नाही. परीक्षा झाली, पोरगी पास झाली. मुलाखत झाली, निवड झाली. कारखाना यंत्रकामाचा होता आणि निवडपत्रात तिचं काम मशीनवरचं लिहिलं होतं. ती ओळ तिनं मला तीनदा वाचून दाखवली. आता फक्त मूळ कागदपत्रांची पडताळणी राहिली होती.

पडताळणीची जागा आली भोसरी एमआयडीसीतलं प्रशिक्षण केंद्र, आमच्या कंपनीपासून दोन गल्ल्यांवर. सूचनेत शेवटची तारीख दिली होती आणि खाली एक ओळ होती, की त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी आल्यास पडताळणी पुढच्या कामाच्या दिवशी होईल. मी कॅलेंडर बघितलं. तारीख गुरुवारी येत होती. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हणालो, "गुरुवारी सुट्टी. म्हणजे शुक्रवार. मी रजा टाकतो, तुला घेऊन जातो."

ती म्हणाली, "पप्पा, एकदा फोन करून विचारू का? सरकारी ऑफिस आहे ना."

"सरकारी असेल, पण आहे कुठं? एमआयडीसीत. गुरुवारी तिथं कुत्रं नसतं रस्त्यावर. तीस वर्षं मी काय झोपा काढल्या का तिथं?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिनं ऐकलं, कारण तीही आता गुरुवारची झाली होती, आणि कारण मी ते अशा आवाजात सांगितलं होतं की त्यापुढं आमच्या घरात कुणी बोलत नाही.

बुधवारी शिफ्ट सुटल्यावर मी तिची फाइल घेऊन झेरॉक्स काढून आणल्या. शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, सगळं त्यात. घरी आलो आणि म्हटलं, परवा इथूनच न्यायचीय, वर कशाला चढवा. फाइल स्कूटरच्या डिकीतच राहू दिली.

गुरुवारी सकाळी मी नेहमीसारखा "येतो जरा" म्हणून निघालो. देहूरोडला माझा एक जुना सोबती राहतो, कंपनीतून निवृत्त झालेला. त्याच्या पाण्याच्या मोटरीनं दगा दिला होता. माझा फोन बंद होता. गुरुवारी मी फोन बंदच ठेवायचो. चालू ठेवला की दहाच्या आत कंपनीतून कुणीतरी ओव्हरटाइमला बोलावणार आणि मला नाही म्हणता येणार नाही. ही युक्ती मी चार जणांना अभिमानानं शिकवली होती. दिवसभर मोटर खोलली, बेअरिंग बदललं, सोबत्याकडंच जेवलो, गप्पा मारल्या. स्कूटर त्याच्या दारात उभी होती.

संध्याकाळी साडेसहाला घराखाली आलो आणि फोन चालू केला. तो थरथरत राहिला. मुलीचे इतके फोन येऊन गेले होते की मी मोजायचं सोडलं. मग संदेश वाचायला लागलो. पप्पा, फोन चालू करा. पप्पा, केंद्र चालू आहे, दिल्लीचे लोक आलेत, वर्गातल्या मैत्रिणीनं कळवलं. पप्पा, फाइल डिकीत आहे का? पप्पा, मी रिक्षानं जातेय, तुम्ही तिकडंच या. साहेब म्हणाले पाचपर्यंत थांबतो, मूळ कागद लागतीलच. पप्पा, साडेचार झाले. शेवटचा संदेश नुसता पप्पा एवढाच होता.

ती सातच्या सुमाराला आली. दुपारी एकपासून ती त्या केंद्राच्या फाटकाशी उभी होती. आई तिला पाणी द्यायला उठली, तर ती म्हणाली, नको. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी डिकीतून काढलेली फाइल हातात धरून दारात उभा होतो आणि ती ठेवू कुठं हेच मला कळत नव्हतं.

"मला काय माहीत, ते गुरुवारी उघडं ठेवतील," मी म्हणालो.

हे वाक्य मी का बोललो, याची मला आजही लाज वाटते. त्याऐवजी चुकलो म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण माझ्या तोंडाला तो शब्द माहीत नव्हता.

शुक्रवारी गेलो. दिल्लीची माणसं आदल्या संध्याकाळीच परतली होती. यादी पुढं गेली होती. तिथला अधिकारी माणूस चांगला होता, त्यानं आम्हाला बसवलं आणि सांगितलं की हे कार्यालय केंद्र सरकारच्या वेळापत्रकानं चालतं, शनिवार-रविवार बंद, गुरुवारी चालू. माझा आवाज चढला. सुट्टी लिहायची तर वार लिहायचा ना, इथल्या माणसाची सुट्टी कधी असते हे दिल्लीला ठाऊक नको का, असं बरंच बोललो. मी बोलत असताना मुलगी उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "सर, माझ्याकडून राहिलं. तारीख बघण्यात माझी चूक झाली." मग माझी बाही धरून म्हणाली, "पप्पा, चला."

तिनं मला वाचवलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पुढं कॉलनीतही तिनं सगळ्यांना तेच सांगितलं, की मीच चुकले. तिची वर्गातली मैत्रीण विमानात बसली. माझी मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून चाकणला तपासणीच्या टेबलाशी गेली.

तिथून माझी जी घालमेल सुरू झाली ती थांबेचना. दिल्लीला अर्ज केला. सरकारच्या तक्रार नोंदवायच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. महिन्यानं उत्तर आलं, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कशी काढली ते लिहिलं नव्हतं. पुन्हा टाकली, पुन्हा निकाली. मग मी त्या योजनेचे नियमच मिळवले आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागलो. ती योजना वाचली, मग दुसरी, मग तरुणांच्या शिष्टमंडळांची, मग परदेशी शिष्यवृत्त्यांची. इंग्रजी अडलं की मुलीला विचारावंसं वाटायचं, पण विचारायचो नाही, कंपनीतल्या एका पोराकडून समजून घ्यायचो. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसला माझा कारभार. पण झोपा मी पक्का बांधत होतो.

हळूहळू कॉलनीतली मुलं माझ्याकडं यायला लागली. काका, वयाची अट कधीपासून धरतात? काका, पोलीस पडताळणीला घरी कुणी थांबायचं? मी घरात टेबल मांडूनच बसलो. फोन आता रात्रंदिवस चालू. वेगवेगळ्या योजनांतून आमच्या कॉलनीतली दोघं जण बाहेर गेली, एक मुलगा आणि एक मुलगी. पेढे द्यायला आली तेव्हा माझी मुलगी तपासणीची शिफ्ट करून नुकतीच आली होती. तिनं पेढा खाल्ला, त्या मुलीचं हसून अभिनंदन केलं, आणि हात धुवायला आत गेली. मी माझा पेढा तसाच बशीत ठेवला. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आणि स्वतःचं काय?

तिच्या वयाचं मी मनात धरून होतो. पुढची तुकडी आली तर तीच शेवटची, त्यानंतर ती मर्यादेबाहेर. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी संकेतस्थळ उघडायचो. बायको म्हणायची, "अहो, देवाचं तोंड बघा आधी." असे बरेच महिने गेले. मग कंपनीनं मला पंधरा दिवस दुसऱ्या प्लांटला पाठवलं, मशीन हलवायच्या कामाला, आणि तेवढे दिवस माझं बघणं सुटलं. परत आलो त्या बुधवारी उघडलं तर नवीन तुकडीची सूचना आलेली होती. अर्ज येतील तशा मुलाखती आणि पडताळणी चालू होती, आणि मुदत संपायला तीन दिवस बाकी होते.

माझ्या अंगात वारं शिरलं. संध्याकाळीच सगळं छापून आणलं. तिच्या नावाची नवी फाइल केली, कुठल्या पानावर सही, कुठं फोटो, पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या. केंद्रात फोन लावून तारीख, वार, वेळ तीनदा विचारून घेतली. फोनवरची बाई वैतागली. वैतागू दे.

सकाळी ती चहा घेऊन बसली तेव्हा मी फाइल तिच्यासमोर ठेवली. म्हणालो, "सही कर. बाकी मी बघतो."

तिनं फाइल उघडली. एकेक पान बघितलं, माझ्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. मग ती मिटली आणि म्हणाली, "पप्पा, माझं झालंय."

"काय झालंय?"

"अर्ज. मुलाखतही झाली. पडताळणी मंगळवारी झाली."

"मंगळवारी तुझी फर्स्ट शिफ्ट होती."

"रजा टाकली होती."

"आणि मूळ कागद?"

"माझ्याकडंच आहेत. मागच्या वर्षीच घेतले मी तुमच्या कपाटातून."

मी बायकोकडं बघितलं. ती गॅसकडं तोंड करून उभी होती आणि वळली नाही. म्हणजे तिला माहीत होतं. भाषेच्या सरांना माहीत होतं, मैत्रिणींना माहीत होतं. अख्ख्या कॉलनीचे अर्ज माझ्या टेबलावरून जात होते, आणि माझ्याच घरातला तेवढा गेला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी चढला.

ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला असता, मी बघतो."

ती रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मला भांडता आलं असतं. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आणि त्याच वेळी, देवाशपथ, इतका आनंद झाला की मला उभंच राहावं लागलं. दाराशी गेलो, चपलेत एक पाय घातला. नेहमीसारखा निघून जाणार होतो. मग चप्पल काढली आणि परत येऊन तिच्यासमोर बसलो.

"माझं चुकलं होतं," मी म्हणालो. "तेव्हा."

"माहीत आहे पप्पा," ती म्हणाली.

"कधी जायचंय?"

"दिवाळीनंतर. केंद्रातून आमची बस निघेल मुंबईच्या विमानतळाकडं."

तिला सोडायला मी येणार, हे मी एरवी सांगितलं असतं. किती वाजता निघायचं, बॅगा कुणी धरायच्या, सगळं सांगितलं असतं. त्या सकाळी ते माझ्या तोंडातून निघेना. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलीला विचारलं, "मी येऊ का?"

तिनं माझी फाइल उचलून बाजूला ठेवली.

"या," ती म्हणाली. "पण मी सांगेन तेव्हा निघायचं."

मी हो म्हणालो.